मरायला टेकलेलं ऑर्किड वाचवायचंय? झारी खाली ठेवा, आधी मुळं बघा

ऑर्किडची पानं लोंबायला लागली, सुरकुतली, पिवळी पडली की आपला हात आपोआप पाण्याकडे जातो आणि नेमकं तिथेच बिनसतं. लुळं पडलेलं पान एवढंच सांगतं की झाडाला पाणी पोचत नाहीये. का पोचत नाहीये ते काही सांगत नाही. कुंडी कोरडी ठणठणीत पडलीये म्हणून पोचत नसेल, किंवा पाणी जास्त होऊन मुळंच सडलीत आणि आता पाणी ओढायला काही उरलंच नाही म्हणूनही पोचत नसेल, वरून बघितलं तर दोन्ही झाडं अगदी सारखी दिसतात. घरात दुसरा प्रकार जास्त बघायला मिळतो. म्हणजे झाड आधीच बुडून मरतंय आणि आपण तहानलंय समजून अजून पाणी घालतोय.

म्हणून या सगळ्या लेखात मी एकच गोष्ट पुन्हा पुन्हा म्हणणार आहे, चांगली मुळं किती शिल्लक आहेत ते आधी बघा, मग पुढचं ठरवा.

खाली जे लिहिलंय ते मुख्यतः फेलेनॉप्सिससाठी आहे. रुंद जाडसर पानं दोन बाजूंना, मधून लांब दांडा, त्यावर ओळीने मोठी चपटी फुलं, भेट म्हणून जे घरी येतं ते बहुतेक वेळा हेच असतं. डेंड्रोबियम, ऑन्सिडियम, व्हँडा असेल तर शेवटचा भाग आधी वाचा.

१. झाड खरंच आजारी आहे का?

हसू नका, कितीतरी धडधाकट ऑर्किडं नुसती फुलं गळाली म्हणून कचऱ्यात जातात. फुलं दोन-तीन महिने टिकतात, मग एकेक करून गळतात, नंतर झाड काही महिने फक्त पानं आणि मुळं वाढवत बसतं. यात काळजी करण्यासारखं काही नाही.

सगळ्यात खालचं एखादं पान हळूहळू पिवळं पडून वाळलं तर तेही वयानुसार होतं. ओढून काढू नका, पूर्ण वाळलं की आपोआप सुटतं.

काळजी कधी करायची, तर एकाच वेळी दोन-तीन पानं पिवळी पडली, पानं कातड्यासारखी सुरकुतली, मधलं नवीन पान पिवळं किंवा काळपट झालं, झाड कुंडीत डगडग हलतंय, किंवा कुंडीला कुबट वास येतोय. यातलं एकही असेल तर पुढे वाचा.

२. काय काय लागेल

सगळं आधी जमवून ठेवा, झाड उघडं पडल्यावर शोधाशोध नको.

- धारदार कात्री किंवा ब्लेड
- कात्री पुसायला ७० टक्क्यांचं स्पिरिट (आयसोप्रोपिल अल्कोहोल) आणि कापूस
- पारदर्शक प्लास्टिकची कुंडी, तळाला आणि बाजूला भरपूर भोकं असलेली
- ऑर्किडसाठी मिळणारी पाइनची बार्क (झाडाची साल), एक ते दोन सेंटिमीटरचे तुकडे. नसेल तर नारळाच्या सोडणाचे तुकडे, नीट धुतलेले
- थोडं स्फॅग्नम मॉस (पाणी धरून ठेवणारं वाळवलेलं शेवाळ)
- असेल तर लाकडी कोळशाचे थोडे तुकडे
- झाडाला आधार द्यायला काडी आणि मऊ दोरी
- मुळंच नसतील तर मोठी पारदर्शक पिशवी किंवा झाकणाचा डबा

बार्क आदल्या दिवशीच पाण्यात भिजत घाला. कोरडी बार्क पहिले काही दिवस पाणी धरतच नाही, वरून ओतलेलं सगळं खाली निघून जातं आणि आपल्याला वाटतं पाणी दिलं.

बागेतली माती, कंपोस्ट, कोकोपीटचा भुगा यातलं काहीही आणू नका. फेलेनॉप्सिस जंगलात मातीत वाढत नाही, झाडाच्या फांदीवर मुळं चिकटवून राहतं आणि ती मुळं उघड्या हवेत असतात. मुळाभोवती व्हेलामेन नावाचा जाड सच्छिद्र थर असतो, पाऊस पडला की तो झटकन पाणी शोषतो आणि मग वाऱ्यावर सुकतो. ओलं होणं आणि सुकणं हे दोन्ही त्याला हवं असतं, मातीत त्याला फक्त ओलं होणं मिळतं. मुळं सडण्यामागचं कारण एवढंच आहे.

३. झाड कुंडीबाहेर काढा

बरेच जण इथेच कचरतात, मुळं दुखावतील म्हणून. आजारी झाडाला हात न लावता ठेवणं जास्त धोक्याचं आहे, तेव्हा काढाच. अपवाद एकच, कुंडी पारदर्शक आहे, आतली मुळं सगळी टणक आणि हिरवी-चंदेरी दिसतायत आणि बार्क नुसती कोरडी आहे. असं असेल तर झाड खरंच तहानलेलं आहे, अर्धा तास कुंडी पाण्यात बुडवून ठेवा, निथळू द्या, आठवडाभर बघा.

बाकी सगळ्यांनी कुंडी बाजूने दाबून सैल करायची आणि झाड बुडाशी धरून हळू बाहेर घ्यायचं, पानं धरून ओढायचं नाही. मुळं कुंडीला चिकटली असतील तर थोडा वेळ कोमट पाण्यात ठेवा, सुटतात. प्लास्टिकची कुंडी असेल तर सरळ कापून टाका, मुळं महाग आहेत, कुंडी नाही.

आता जुनं सगळं मॉस, बार्क झटकून काढा. एका गोष्टीकडे लक्ष द्या, मुळांच्या मधोमध चाचपलं तर खूपदा एक घट्ट गोळा सापडतो. रोप लहान असताना ज्या मॉसमध्ये किंवा पीटमध्ये वाढवलं तो गोळा तसाच आत राहिलेला असतो, कधी कधी जाळीसकट. बाहेरची बार्क खडखडीत कोरडी, आणि आतला गोळा ओला गच्च, मग आपण वरून बोट लावतो, कोरडं लागतं, पाणी देतो आणि आत झाडाचं बूड कुजत राहतं. नवीन आणलेलं झाड काही महिन्यांत खंगतं त्याचं कारण पुष्कळदा हा गोळाच असतो. चिमट्याने थोडं थोडं करून पूर्ण काढा, वेळ लागला तरी चालेल.

४. मुळं तपासा, डोळ्यांनी आणि बोटांनी

मुळं साध्या पाण्याखाली धुवा आणि एकेक मूळ दोन बोटांत हलकं दाबून बघा. रंगावर जाऊ नका. बार्कमध्ये अंधारात वाढलेलं मूळ पिवळट किंवा तपकिरी डागाळलेलं असू शकतं आणि तरी ठणठणीत असतं.

टणक लागलं तर ते जिवंत आहे. ओलं झाल्यावर हिरवं झालं तर प्रश्नच नाही.

दाबल्यावर पिचकन पाणी निघालं, बाहेरचं साल सरकून हातात आलं आणि आत नुसता दोरा राहिला, तर ते सडलेलं आहे.

चपटं, पोकळ, कागदासारखं कोरडं लागलं तर ते वाळून मेलेलं आहे. मेलेली मुळं अशी कोरडी असतील तर दोष पाण्याच्या कमतरतेचा आहे, लिबलिबीत असतील तर जास्तीचा, इथे तुम्हाला आजाराचं कारणही कळतं.

काही मुळं अर्धी चांगली अर्धी खराब असतात, ती टाकू नका, चांगला भाग ठेवायचाय. सुरकुतलेलं पण दाबल्यावर टणक असलेलं मूळही ठेवायचं, ते पाणी मिळालं की फुगतं. शंका आली की ठेवा, पंधरा दिवसांनी परत बघता येतं, कापलेलं परत जोडता येत नाही.

मुळांबरोबर बुडाचा दांडकाही बघा, ज्याला पानं फुटलेली असतात तो. तो टणक आणि आतून हिरवा-पांढरा असेल तर एकही मूळ नसलं तरी आशा आहे. तो तपकिरी आणि मऊ झाला असेल तर मात्र अवघड.

५. कापायचं

कात्री स्पिरिटने पुसा, सुकू द्या, मग सुरू करा. दुसऱ्या ऑर्किडला लावायच्या आधी परत पुसा, हे आळसावर सोडू नका. सिम्बिडियम मोझॅक आणि ओडोन्टोग्लॉसम रिंगस्पॉट हे ऑर्किडचे दोन विषाणू एका झाडाच्या रसातून दुसऱ्यात मुख्यतः कात्रीवाटे जातात आणि त्यांना औषध नाही. नुसत्या स्पिरिटने ते मरतीलच असं नाही, म्हणून जमेल तर प्रत्येक झाडाला नवीन ब्लेड घ्या. (स्पिरिट ओलं असताना मेणबत्ती जवळ नको, पेटतं.)

सडलेलं मूळ जिथे चांगलं लागतं तिथून थोडं आत कापा. आतून पांढरं-हिरवं दिसलं की थांबा, तपकिरी ठिपका दिसला तर अजून थोडं. बुडाचा खालचा भाग काळा पडला असेल तर तोही स्वच्छ भाग लागेपर्यंत कापा.

आता दालचिनीबद्दल, कारण हे सगळे विचारतात. दालचिनी पूड बुरशी रोखते हे खरं, पण ती ओल शोषून घेते. बुडाच्या किंवा पानाच्या कापलेल्या जागेवर चिमूटभर लावलीत तर चालेल. मुळांवर भुरभुरवू नका, चांगली मुळंसुद्धा वाळतात. हायड्रोजन पेरॉक्साइड ओतून फसफस बघत बसण्यातही मला अर्थ वाटत नाही, ते सडलेल्यावर फसफसतं आणि चांगल्या पेशींवरही, नवीन फुटू पाहणाऱ्या मुळाचं टोक त्यात भाजतं. लसणाचं पाणी, साखरेचं पाणी, मध वगैरे व्हिडिओ बघण्यापुरते ठीक आहेत. साखर ओल्या बार्कमध्ये गेली की त्यावर बुरशी मजेत वाढते.

कापून झाल्यावर झाड सावलीत उघडं ठेवून द्या, काही तास किंवा रात्रभर, कापलेल्या जागा सुकू देत. उघड्यावर मरेल ही भीती मनातून काढा, फांदीवर लटकून राहणारं झाड आहे ते.

फुलाचा दांडा असेल तर? चांगली मुळं भरपूर असतील तर ठेवा. तीन-चारच उरली असतील किंवा एकही नसेल तर बुडाशी एक-दोन सेंटिमीटर ठेवून कापा आणि फुलं पाण्यात घालून घरात ठेवा. जीव तुटतो, माहीत आहे. पण फुलं पोसायला झाड पानातलंच पाणी ओढत राहतं आणि मुळं फुटायला काही उरत नाही.

६. आता तीन रस्ते आहेत, मुळं किती उरली त्यावर

*भरपूर टणक मुळं उरली आहेत:* बार्कमध्ये लावा, पायरी ७ वर जा, तुमचं काम सोपं आहे.

*दोन-चार मुळं उरली आहेत, तीही आखूड:* लहान कुंडी घ्या, एवढी लहान की लाज वाटेल, आणि त्यात सैलसर स्फॅग्नम मॉस. बार्क एवढं पाणी धरत नाही आणि थोड्या मुळांना तेवढ्यात भागवता येत नाही म्हणून मॉस. मॉस भिजवा, मुठीत घट्ट पिळा, थेंब पडायचा थांबला पाहिजे, मग मुळांभोवती सैल गुंडाळा. दाबून भरलंत की परत तोच ओला गोळा तयार झाला. मोठी कुंडी घेतली तर मधलं मॉस आठवडे आठवडे सुकत नाही.

*एकही मूळ नाही, पण बूड टणक आहे:* पिशवीचा उपाय. पारदर्शक पिशवीत किंवा डब्यात पिळून घेतलेल्या मॉसचा पातळ थर द्या आणि झाड त्यावर असं ठेवा की बूड मॉसच्या जवळ असेल, पण पानं आणि मधला गाभा (जिथून नवीन पान येतं तो) ओल्याला टेकणार नाही. पिशवीचं तोंड बंद करा. आत हवा दमट राहते, पानांतून उडणारं पाणी कमी होतं आणि त्या उसन्या वेळात झाडाला मुळं फोडायला सवड मिळते.

पिशवीत झाडं मरतात ती दोन कारणांनी. एक म्हणजे ऊन. बंद पिशवीवर थोडं जरी ऊन आलं तरी आत झाड शिजतं, त्यामुळे उजेड भरपूर पण ऊन अजिबात नको. दुसरं म्हणजे मॉस फार ओलं असणं, पिशवीच्या आतून पाण्याच्या धारा लागल्या असतील तर उघडा, मॉस बाहेर काढून परत पिळा. दोन-तीन दिवसांनी एकदा थोडा वेळ तोंड उघडं ठेवून हवा बदला, बुरशीचे पांढरे केस दिसले तर तेवढं मॉस फेका. साधारण २४ ते २८ अंश तापमान असेल तर उत्तम, थंडीत हा प्रकार फार रेंगाळतो.

मुळं यायला काही आठवडे लागतात, कधी काही महिनेसुद्धा. रोज काढून बघू नका, बुडाशी आलेला हिरवा कोंब धक्क्याने मोडला की परत पहिल्यापासून. मुळं तीन-चार सेंटिमीटर झाली की लहान कुंडीत हलवा, आणि पिशवीतून एकदम बाहेर काढू नका, आठवडाभर तोंड रोज थोडं जास्त उघडं ठेवत सवय लावा.

काही जण पाण्याच्या ग्लासवर बूड अधांतरी ठेवतात, पाण्याला न टेकवता. त्यानेही मुळं फुटतात, पण पाण्याची पातळी थोडी वर गेली की बूड सडतं, म्हणून माझा कल पिशवीकडेच.

७. कुंडीत लावणं

कुंडी मुळं जेमतेम मावतील एवढी. तळाला दगड-विटांचे तुकडे नकोत, भोकं पुरेशी असली की झालं. झाड मधोमध धरा, सगळ्यात खालचं पान बार्कच्या किंचित वर राहील एवढ्या उंचीवर, आणि बाजूने बार्क सोडत कुंडी आपटत जा म्हणजे पोकळ्या भरतात. बूड पुरू नका. हवेत बाहेर आलेली मुळं जबरदस्तीने आत कोंबू नका, मोडतात, आणि त्यांना बाहेरच बरं वाटतं.

मग काडी रोवून झाड बांधून टाका. ही पायरी बहुतेक लोक सोडतात. मुळं कमी असलेलं झाड कुंडीत हलत राहतं आणि प्रत्येक हालचालीत नव्या मुळाचं कोवळं टोक बार्कवर घासून मोडतं, मग महिनोन्‌महिने मुळं का येत नाहीत असं वाटत राहतं.

मुळं कापली असतील तर लावल्यावर बार्कवाल्यांनी तीन-चार दिवस पाणी देऊ नये.

शोभेची बाहेरची कुंडी, जिला भोकच नाही, ती सध्या बाजूला ठेवा. तिच्या तळाशी साचलेलं पाणी कोणाला दिसत नाही.

८. उजेड

सकाळचं कोवळं ऊन येणारी खिडकी सगळ्यात चांगली. दुपारचं थेट ऊन नको, पडदा लावा. उजेड पुरतो का ते बघायचं असेल तर दुपारी पानाच्या वर फूटभर हात धरा, सावली धूसर पण ओळखू येईल अशी पडली तर बरोबर, कडा स्पष्ट असलेली काळी सावली म्हणजे जास्त, सावलीच नाही म्हणजे कमी. पानाला हात लावून गरम लागलं तर लगेच हलवा.

गडद हिरवी, लांबुळकी लोंबती पानं म्हणजे उजेड कमी पडतोय. पानांच्या कडा लालसर म्हणजे उजेड त्यांच्या मर्यादेपर्यंत आलाय. पांढरा कोरडा चट्टा म्हणजे पान भाजलंय, तो भरून येत नाही पण पसरतही नाही, कापायची गरज नाही.

तापमान १८ ते ३० अंशांच्या दरम्यान असेल तर झाड खुश असतं. एसीच्या किंवा हीटरच्या झोताखाली ठेवू नका.

९. पाणी, ज्याच्यावरून सगळं रामायण होतं

"आठवड्यातून किती वेळा?" याला उत्तर नाही. बार्क की मॉस, कुंडी केवढी, हवा कोरडी की दमट, उजेड किती, सगळ्यावर बदलतं. वार ठरवून पाणी देणं सोडा, मुळांना विचारून द्या.

पारदर्शक कुंडीतून मुळं हिरवी दिसतायत म्हणजे अजून ओली आहेत, देऊ नका. चंदेरी-राखाडी झाली आणि कुंडीच्या आतल्या बाजूला बाष्प दिसत नाही, आता द्या. कुंडी उचलून बघायची सवय लावा, ओल्या आणि कोरड्या कुंडीच्या वजनातला फरक थोड्या दिवसांत हाताला कळायला लागतो. कुंडी पारदर्शक नसेल तर मधोमध लाकडी काडी खुपसा, दहा मिनिटांनी काढून गालाला लावा, थंड ओली लागली तर थांबा. मॉसचा वरचा थर कुरकुरीत झाला तरी आत ओल असते, म्हणून मॉसवाल्यांनी काडीशिवाय निर्णय घेऊ नका.

द्यायचं तेव्हा मात्र भरपूर द्या. कुंडी दहा-पंधरा मिनिटं पाण्यात बुडवा, झाडाच्या बुडापर्यंतच, मग पूर्ण निथळू द्या. रोज चमचा-चमचा पाणी घालणं सगळ्यात वाईट, वरचं ओलं, खालचं कोरडं, आणि मधलं कधी सुकतच नाही. काही जण पाण्याऐवजी कुंडीत बर्फाचे खडे ठेवतात, त्यापेक्षा साधं खोलीच्या तापमानाचं पाणी केव्हाही बरं.

सकाळी द्या. पानांच्या मधल्या खोबणीत पाणी राहिलं तर टिश्यूच्या टोकाने टिपून घ्या, रात्रभर तिथे पाणी राहिलं की गाभा सडतो आणि फेलेनॉप्सिसला वाढीचा शेंडा तेवढा एकच असतो.

पाणी जड असेल, म्हणजे बार्कवर आणि कुंडीच्या कडेला पांढरा थर येत असेल, तर पावसाचं किंवा आरओचं पाणी वापरा. क्षारांनी मुळांची टोकं काळी पडतात.

१०. खत

नवीन मूळ किंवा पान दिसेपर्यंत शून्य. अशक्त झाडाला टॉनिक म्हणून खत देणं म्हणजे उरलेली मुळं जाळणं. वाढ सुरू झाली की २०-२०-२० किंवा १९-१९-१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात असलेलं खत), पाकिटावर लिहिलंय त्याच्या पाव प्रमाणात, ओल्या मुळांना, आणि महिन्यातून एकदा नुसतं साधं पाणी भरपूर सोडून क्षार धुऊन काढा.

११. मुळं ठीक आहेत पण वर काहीतरी भलतंच आहे

मधलं कोवळं पान हलकं ओढल्यावर सरळ हातात आलं आणि त्याचं टोक तपकिरी लिबलिबीत असेल तर गाभा सडलाय. खोबण कोरडी करा, सडकं निघेल तेवढं काढा, चिमूटभर दालचिनी, आणि कडक कोरडं ठेवा. तो शेंडा परत वाढणार नाही, पण मुळं आणि खालची पानं शाबूत असतील तर कधी कधी बुडाशी नवीन पिल्लू, म्हणजे छोटं रोप, फुटतं. तेव्हा लगेच फेकू नका.

पानावर पाणी भरल्यासारखा अर्धपारदर्शक डाग, कडेला पिवळं वलय, आणि संध्याकाळी बघितलं तर सकाळपेक्षा मोठा, वास घाण, हे जिवाणूंचं काम आहे. इथे वाट बघू नका. डागाच्या पुढे दोन सेंटिमीटर निरोगी भाग धरून कापा, प्रत्येक कापाआधी ब्लेड पुसा, झाड बाकीच्यांपासून लांब ठेवा आणि पानांवर पाणी उडवणं बंद.

पानाच्या बेचक्यात कापसासारखे पुंजके म्हणजे पिठ्या ढेकूण. पानाखाली तपकिरी टपोरे खवले, नखाने निघणारे, म्हणजे खवले कीड. दोन्हीवर स्पिरिटचा बोळा फिरवा आणि आठवड्याच्या अंतराने तीन-चार वेळा तरी परत करा, कारण अंडी आणि बारीक पिल्लं पहिल्या फेरीत सुटतातच. कुंडीभोवती बारीक काळे माशीसारखे किडे उडत असतील तर त्यांच्या मागे न लागता बार्क बदला, ती कुजलीये.

१२. मग किती वाट बघायची

सुरकुतलेली जुनी पानं परत पूर्वीसारखी होत नाहीत, त्यांच्याकडे बघून निराश होऊ नका. ती कापूही नका, झाडाचा साठा त्यांच्यातच आहे. नवीन काय येतंय ते बघा. बुडाशी गोल, चकचकीत हिरवं किंवा लालसर टोक आलं तर मूळ आहे. टोक जरा चपटं, पापुद्र्यांनी झाकलेलं आणि उजेडाकडे वर वळणारं असेल तर तो फुलाचा दांडा. मुळं नीट नसताना दांडा आला तर खुडून टाका, यंदा नको.

फेलेनॉप्सिस घरात वर्षाला साधारण दोन-तीन पानं काढतं, त्यामुळे मुळांशिवायचं झाड परत फुलायला वर्ष-दोन वर्षं सहज जातात. झाड भरल्यावरही फुलत नसेल तर रात्रीचं तापमान बघा, दिवसरात्र २८ च्या वर असेल तर दांडा सहसा येतच नाही. काही आठवडे रात्री २५ च्या खाली गेल्या की येतो. बार्क दर एक-दोन वर्षांनी बदलत राहा, कुजून तिचा भुगा झाला की परत पाणी धरते.

फेकायचं कधी, तर बूड पूर्ण मऊ आणि तपकिरी झालं, कापत गेलं तरी स्वच्छ भाग लागतच नाही, तेव्हा.

तुमचं ऑर्किड फेलेनॉप्सिस नसेल तर

डेंड्रोबियमला उसासारखी पेरं असलेल्या काड्या असतात. त्यातल्या नोबिली प्रकारच्या काड्यांची पानं थंडीत गळतात आणि मग त्याच उघड्या काडीवर फुलं येतात, त्यामुळे पानं नाहीत म्हणून काडी कापू नका. टणक आहे तोवर तिच्यात पाणी आणि अन्न आहे. वाळून पोकळ झाली तरच काढा. काडीच्या पेरावर पिल्लू फुटून त्याला मुळं आली तर वेगळं लावता येतं. याला तांबंयुक्त बुरशीनाशक मारू नका, डेंड्रोबियमला ते सोसत नाही.

ऑन्सिडियमची नवीन पानं पंख्यासारखी चुण्या पडून येतात तेव्हा पाणी कमी पडतंय किंवा मुळं गेलीत, परत तेच, काढून बघा. बुडाचे फुगीर बल्ब थोडे सुरकुतले तर चालतं. कॅटलिया आणि ऑन्सिडियम दोन्हींच्या बाबतीत जुने बल्ब सुटे करून एकेक लावू नका, किमान तीन-चार जोडलेले राहू द्या, आणि नवीन मुळं फुटायला लागली की मगच कुंडी बदला.

व्हँडा बिनमातीची, बिनबार्कची, नुसती टांगलेली असते. तिची मुळं रोज पंधरा-वीस मिनिटं पाण्यात बुडवायची, पूर्ण हिरवी होईपर्यंत, आणि मग दिवसभर वाऱ्यावर सुकू द्यायची. तिला उजेडही फेलेनॉप्सिसपेक्षा बराच जास्त लागतो. हे दोन्ही जमणार नसेल तर आजारी व्हँडा कोणी फुकट देत असलं तरी घेऊ नका.